बैठक ते भिंत : पाच

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता अण्णांनी स्वतःच्याच घराच्या मोजणीची नोटीस काढली.

नोटीस शेजारच्या काकासाहेबांना गेली. ज्या भिंतीवर नवा टीव्ही लागणार होता तिच्या पलीकडे त्यांचे देवघर होते, आणि त्यामुळे ते लगतचे कब्जेदार ठरत होते. 'आज अकरा वाजता जागेवर मोजणी होईल. हरकत असल्यास हजर राहावे. गैरहजर राहिल्यास मोजणी थांबणार नाही.' खाली सही आणि 'सेवानिवृत्त भूकरमापक'. छत्तीस वर्षे पैठणपासून पिशोरपर्यंत लोकांची वावरे मोजलेल्या माणसाला निवृत्तीनंतर मोजायला काही उरले नव्हते. जुना टीव्ही बंद पडला तेव्हा घरात सगळे हळहळले. अण्णा तेवढे ताजेतवाने दिसू लागले.

त्यात घर टीव्ही सेंटर नावाच्या वस्तीत. दिवसभर गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाले 'टीव्ही सेंटर, टीव्ही सेंटर' म्हणून ओरडणार, आणि अख्ख्या टीव्ही सेंटरात आपल्याच घरी टीव्ही नाही, याचे आईला आठ दिवस फार लागले होते.

"अण्णा, टीव्ही घ्यायचाय, प्लॉट नाही," मेघा म्हणाली. मेघा ही थोरली मुलगी. गारखेड्यात राहणारी, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी आणि दर रविवारी माहेरी येऊन अण्णांशी वाद घालणारी.

"प्लॉट आसो का टीव्ही, आधी अंतर. अंतर चुकलं की फुडं समदं चुकतंय."

"मोबाईलवर सगळं असतं अण्णा," अतुल म्हणाला. हा धाकटा मुलगा. वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर असल्यामुळे त्याला सगळे माहीत असे. "सरळ पासष्ट इंची घ्या. पासष्टच्या खाली आजकाल कुणी विचारत नाय."

"कोण येणारे विचारायला?" आई म्हणाली. "जो येतो तो च्या मागतो."

अकराला काकासाहेब पेपरची घडी बगलेत मारून हजर झाले आणि अण्णांना म्हणाले, "आलो बरं का कचरूभाऊ. हरकत एकच. स्क्रू आमच्या हद्दीत निघाय नाय पायजे."

"दीड इंची स्क्रू, नऊ इंची भिंत. तुमचे देव निवांत ऱ्हातील."

"लेखी द्या."

अण्णांनी लेखी दिले. मग आईला सोफ्यावर बसवण्यात आले.

"रोज बसतीस तशी बस."

"रोज मी बसते कुठं? तुम्ही बसता. मी उठते."

"बरं, उठायच्या आधी जशी बसतीस तशी बस. पाठ टेकव. टीव्ही सोफा बघत नाय, डोळे बघत्यात. मोजणी डोळ्यापासून."

फितीचे एक टोक मेघाने भिंतीशी धरले, दुसरे अण्णांनी आईच्या डोळ्यांपाशी. फीत कापडी होती आणि नोकरीतली होती. तिच्यावर अण्णांनी स्वतः शाईने आण्यांच्या खुणा केल्या होत्या. पैशातले आणे नव्हेत, लांबीतले. जुन्या मोजणीत तेहेतीस फुटांची एक साखळी आणि साखळीचे सोळा आणे. सरकारने हे माप केव्हाच मोडीत काढले होते, पण अण्णांना तसा लेखी आदेश मिळाला नव्हता.

आकडा तीनदा तपासून त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे लिहिला : 'बैठक ते भिंत : ५.' काकासाहेबांनी हजर म्हणून सही केली. आईनेही केली, कारण त्याशिवाय तिला सोफ्यावरून उठू देत नव्हते.

टीव्हीचे दुकान जालना रोडवर, मेघाच्या परतीच्या वाटेवर. म्हणून पाकीट तिच्याकडे आले. ती स्कूटर सुरू करत असताना अण्णा फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "आण्यात हाय ते. ध्यानात ठिव."

हेल्मेटमधून मेघाला 'ध्यानात ठिव' एवढेच ऐकू गेले. ते तिने ध्यानात ठेवले.

दुकानातला विक्रेता अतिशय शास्त्रशुद्ध होता. "मॅडम, साइज का सिंपल फॉर्म्युला आहे. अंतर इंचात घ्यायचं, अडीचनं भागायचं. येईल तो टीव्ही. तुमचं अंतर?"

"पाच."

"पाच क्या? फूट की मीटर?"

अण्णांना फोन करणे शक्य होते. पण अण्णांना एक प्रश्न विचारला की उत्तर निजामाच्या जमीन-बंदोबस्तापासून सुरू होई, आणि मेघाला दुपारी आणखी कामे होती. शिवाय ती वाचणारी बाई. वाचणाऱ्या माणसाला विचारण्याची लाज आणि तर्काचा माज दोन्ही असतात. तिने तर्क केला. पाच फुटांवर बसून टीव्ही बघायला आपला हॉल म्हणजे रिक्षा नव्हे. फूट नव्हेत, म्हणजे मीटर.

"मीटर."

विक्रेत्याने भागाकार केला. अठ्ठ्याहत्तर इंच आले. अठ्ठ्याहत्तरचा टीव्ही बनत नव्हता, म्हणून त्याने मोठ्या मनाने पंचाहत्तरवर आणले. पत्ता अण्णांचा, फोन नंबर अण्णांचा, घरपोच सात दिवसांत. घरी पोचल्यावर मेघाने आईला फोनवर एवढेच सांगितले, "झालं काम. मोठा आहे."

"त्याह्यला सांगते," आई म्हणाली. "खूश व्हतील."

सोमवारी सकाळी अण्णा दूध आणायला गेले. डेअरीच्या पायरीवर जरा टेकले आणि पुन्हा उठले नाहीत. डॉक्टरांनी सांगितले की त्रास झाला नसणार. असे सांगण्याची पद्धत आहे.

त्या आठवड्यात अण्णांचा मोबाईल घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त वाजला. तो अतुलकडे होता.

"कचरूसाहेब बोलतायत का? डिलिव्हरीसाठी कधी असाल घरी?"

"ते वारले."

"ओके सर. मग दुसऱ्या टायमाला करतो."

बुधवारी दुकानाचा निरोप आला, 'प्रिय कचरू, तुमच्या भव्य अनुभवाला आता थोडेच दिवस उरले आहेत!' अतुलने तो कोणाला दाखवला नाही. मेघाला तेवढा दाखवला, आणि दोघे बहीणभाऊ मोरीजवळ उभे राहून तोंड दाबून इतके हसले की आईला वाटले रडताहेत. ती आत येऊन दोघांच्या पाठीवरून हात फिरवून गेली.

गुरुवारी मेघा अण्णांच्या कपाटातले कपडे काढत होती. सदऱ्यांखाली फीत निघाली. तिने ती सहज उलगडली, शाईच्या खुणा पाहिल्या, आणि मग पलंगावर बसून मोबाईलवर हिशोब केला. तेहेतीस गुणिले पाच, भागिले सोळा.

टीव्ही रद्द करायला अजून वेळ होता. तिने दुकानाच्या नंबरला फोन लावलाही. रद्द करण्याचे कारण निवडण्यासाठी यंत्राने तिला चार पर्याय दिले. किंमत जास्त वाटली, दुसरीकडे घेतला, विचार बदलला, इतर. तिने 'इतर' निवडले. मग यंत्राने विचारले, "कृपया कारण थोडक्यात बोला."

मेघाने फोन ठेवून दिला. कपडे घडी घालायचे राहिले होते.

रविवारी घरी अण्णांचा जलदानविधी होता. पांढऱ्या कपड्यांतली साठ-सत्तर माणसे. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर नेहमीप्रमाणे टीव्हीच्याच भिंतीवर, खाली खुर्चीवर हार घातलेले अण्णा. त्रिशरण पंचशील झाले, बौद्धाचार्यांचे बोलणे झाले, आणि माणसे जेवायला उठणार इतक्यात टेम्पो आला.

खोका आडवा दारातून येईना. उभा केला तर चौकटीला अडला. दुःखात सामील व्हायला आलेली माणसे आता खऱ्या अर्थाने कामाला लागली.

"जरा तिरका घ्या, तिरका!"

"आवो, तिकडून नाय, इकडून!"

"चपला उचला कुणीतरी!"

"मी म्हणलं व्हतं स्क्रूचं बघा," काकासाहेब म्हणाले. त्यांना कोणी विचारले नव्हते.

"आज नको हो, उद्या या," अतुल टेम्पोवाल्याला म्हणाला.

"उद्या कसं, सर? आमची गाडी उद्या सिल्लोडला. अन् काच फुटलेली नाय म्हणून सही लागती. खोका फोडून दाखवल्याबिगर सही नाय, अन् एकदा फोडला की परत नाय."

खोका फोडला. टीव्ही बाहेर आला, येतच राहिला. साडेपाच फूट लांब काळी काच त्या भिंतीपाशी उभी केली तेव्हा भिंत कुठे गेली ते कळेना.

"वरचे दोन फोटो काढावे लागतील," टेम्पोवाला म्हणाला.

मग साठ माणसे एका सुरात म्हणाली, "नाय."

फोटो हलणार नव्हते. मग टीव्हीच खाली जमिनीवर, अण्णांच्या खुर्चीमागे टेकवून ठेवला. आता त्या बंद काचेत सगळी शोकसभा दिसू लागली. बायकांनी पदर सारखे केले. एका मामांनी मिशीवरून हात फिरवला. अण्णांना अभिवादन करायला पुढे गेलेला प्रत्येक जण आधी स्वतःला नीट बघून घेऊ लागला.

अतुलला खोक्यात दुकानाची चिठ्ठी सापडली. त्याने ती मोठ्याने वाचली, कारण कंपनीत तशी सवय होती. "ग्राहकाने दिलेले अंतर, पाच मीटर. पाच मीटर? आपला हॉल पाच मीटर?" त्याने आईला सोफ्यावर बसवले आणि पोलादी टेप लावला. "दहा फूट पावणेचार इंच. म्हणजे सव्वातीन मीटर पण नाय!"

"वय झालं व्हतं," कोणीतरी हळूच म्हणाले.

"व्हतं आसं. नजर कमी व्हती."

"त्याह्यचं चुकत नसतंय," आई म्हणाली. पण ती ज्या सोफ्यावरून बोलत होती तिथून समोर पंचाहत्तर इंची पुरावा दिसत होता.

तेव्हा दाराशी बसलेले कारभारी उठले. हे पिशोरचे. अठरा वर्षांपूर्वी त्यांच्या आणि भावकीतल्या द्वारकाबाईंच्या वावराची मोजणी अण्णांनी केली होती. बांध कारभाऱ्यांच्या बाजूला सात फूट सरकला होता. तेव्हापासून ते अण्णांशी बोलत नव्हते. आता बोलायची वेळच येणार नाही म्हणून निर्धास्तपणे मातीला आणि आज विधीलाही आले होते.

"वहिनी, वाईट वाटून घिऊ नका," कारभारी म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र उजळला होता. "पर ज्या मानसाला सोताचा हॉल मोजता येईना, त्यानं माझं वावर काय मोजलं आसंल?"

"कारभारीकाका, आज नको," अतुल म्हणाला.

"आज नाय, उद्या. उद्याच भूमी अभिलेखला फेरमोजणीचा अर्ज टाकतो. ही चिठ्ठी द्या मला. झेरॉक्स लावतो."

"मंग आमचा बी हाय," मागून एक आवाज आला.

"आमच्या तर दोन गटांचा."

विधीसाठी आलेल्या पिशोरकरांनी तिथेच बैठक मारली. कोणाचा बांध, कोणाची विहीर, कोणाची वाट. छत्तीस वर्षांत अण्णांनी जे जे मिटवले होते ते सगळे एका टीव्हीच्या उजेडात, टीव्ही बंद असताना, पुन्हा उघडू लागले. कोणीतरी कारभाऱ्यांना पेन दिले. आई सोफ्यावर तशीच पाठ टेकवून बसली होती. तिला उठायला कोणी सांगितले नव्हते.

मेघा स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. चहा निवत होता. गप्प राहणे सोपे होते. गुरुवारपासून ती राहिलीच होती. कारभारी चिठ्ठी घडी करून खिशात घालू लागले तेव्हा तिने ट्रे खाली ठेवला.

"ती चिठ्ठी अण्णांची नाही. माझी आहे."

"तू मोजलं?"

"मी वाचलं. अण्णांनी पाच लिहिलं होतं. पाच आणे. मी मीटर सांगितलं. मला कुणी सांगितलं नाही असं नाही. मी विचारलं नाही."

"आणे?" अतुल म्हणाला. "आणे किती असतात ताई?"

"तेहेतीस गुणिले पाच, भागिले सोळा. कर."

अतुलने मोबाईल काढला. आकडा बघून त्याने पुन्हा टेपकडे पाहिले, आणि पुन्हा मोबाईलकडे. "दहा फूट पावणेचार इंच," तो म्हणाला. "पाव इंचाचा फरक नाय. ह्या मापानं पन्नास इंची बसला असता. बरोब्बर."

काकासाहेबांनी घसा साफ केला. "मी हजर व्हतो. सही हाय माझी."

पिशोरकर एकेक करून आपल्या चपला शोधू लागले. कारभारी उभेच होते. "म्हंजे माझा बांध..." त्यांनी सुरुवात केली.

"बांध आहे तिथंच आहे, काका. बसा. जेवून जा."

कारभाऱ्यांनी चिठ्ठी परत दिली. सगळे मेघाकडे पाहत होते आणि आणखी काही बोलेल म्हणून थांबले होते. चाळीस वर्षांत तिने अण्णांचे म्हणणे कितीतरी वेळा मनात मान्य केले होते. तोंडाने ती 'बरं', 'बघू', 'ठीक आहे' एवढेच म्हणे, आणि अण्णाही तेवढ्यावर भागवत. आता समोर साठ माणसे होती, आणि त्यांना एक साधे वाक्य सांगून मोकळे व्हायचे होते. त्या वाक्यात 'त्यांचं' असे म्हणायचे तिने ठरवलेही होते.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमचं बरोबर होतं."