कॅनची चूल आणि उजवी मिशी

लेक परगावी नोकरीला निघाली होती. जाण्याआधी मैत्रिणींबरोबर एक रात्र डोंगरावर तंबू ठोकणार होती. "मीही येऊ का?" मी सहज विचारलं. (सहज कसलं! दाढी करताना रोज तालीम चालली होती.)

"नको हो बाबा. तुम्ही सामान फार घेता. मागच्या वेळी ती शेगडी वाहून माझे खांदे भरून आले."

एवढंच ना? मी थंड पेयाचे दोन कॅन आणले. मला गोड वर्ज्य, म्हणून बायकोने ते संपवले आणि वर "तुमच्या छंदापायी माझा घसा बसला," हेही ऐकवलं. कॅनची बुडं कापली, कडा घासल्या, एकात एक बसवली, सुईने कडेला भोकं पाडली. आत स्पिरिट ओतायचं, काडी लावायची. चिमणीने उचलून न्यावी इतकी हलकी चूल! लेकीची खोली खोक्यांनी भरत होती. त्या दिशेला बघायला नको, म्हणून मी कडा पुन्हा पुन्हा घासत बसलो.

गच्चीवर भर उन्हात प्रात्यक्षिक मांडलं. स्पिरिट ओतलं, काडी लावली. काहीच नाही. दुसरी लावली. तेच.

"पेटत नाहीये," लेक म्हणाली.

"धीर धर. नवीन आहे, जरा रुसली असेल."

"तुमच्यावर गेलीय," बायको म्हणाली.

भोकं बुजली असतील म्हणून मी वाकून पाहिलं. (स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, हे ज्ञान मला मिशीमार्फत मिळालं.)

"अहो, मिशी! मिशी जळतेय!"

"कशी जळेल? चूलच पेटलेली नाही!"

बायकोने जवळची पाण्याची अख्खी बादली माझ्यावर ओतली. लेकीने मात्र पेटती चूल चिमट्याने बाजूला सरकवून तिच्यावर पाण्याचं भांडं ठेवलं. बघता बघता पाणी उकळलं.

"बाबा, भारी आहे ही! वजनच नाही हिला!"

"मग येऊ ना मी?" ओल्या तोंडाने, अर्ध्या मिशीने मी विचारलं.

तिने भांडं खाली उतरवलं. "बाबा... आम्ही सगळ्या मैत्रिणीच आहोत हो."

डोंगरावर निघायच्या दिवशी तिने चूल रुमालात गुंडाळून सॅकमध्ये ठेवली. मी जिन्यात उभा राहून हात हलवत राहिलो. ती वळणाआड गेली, तरी हलवत होतो.

"चला आत," बायको म्हणाली. "जड सामान ती घरीच ठेवून गेलीय. तेवढं मला सांभाळायचंय."