चिमटेबंदीची मोहीम आणि पांढऱ्या गणवेशाची फत्ते

या इमारतीत पुढे जे जन्मास येतील, भाड्याने येतील अथवा लग्न होऊन येतील, त्यांस मागील राज्यव्यवहार ठाऊक असावा, आणि गच्चीवरील दोऱ्या आपोआप शांत जाहल्या असा कोणाचा समज होऊ नये, याकरिता पहिल्या मजल्यावरील आजीने जे डोळ्यांनी पाहिले, जिन्यात ऐकले, आणि जे पाहिले-ऐकले नाही ते शेजारणींकडून खातरजमा करून घेतले, ते येथे यथास्थित लिहिले आहे. यात पदरचे एक अक्षर नाही. असलेच तर शोभेपुरते.

पूर्वपीठिका ऐसी. चार मजल्यांची दौलत, मजल्यास दोन बिऱ्हाडे, एकूण आठ संस्थाने, आणि सर्वांच्या माथ्यावर गच्चीचा मुलूख. गच्चीवर दोन लोखंडी खांब आणि त्यांमध्ये पाच दोऱ्या, मिळून लांबी शहाण्णव हात. आरंभी त्या दोऱ्यांवर रोज सकाळी बादल्यांची चकमक उडे आणि एकीचे धुणे दुसरी बाजूस सारी. मग तिसऱ्या मजल्यावरचे सुतारकाका, जे आता हयात नाहीत, त्यांनी उरल्यासुरल्या फळकुटांतून शहाण्णव चिमटे कोरले, आणि खोट्या चिमट्यास थारा राहू नये म्हणून प्रत्येकावर तापल्या सळईने एक ठिपका उठवला, आणि दर घरास बारा वाटले, आणि ठराव जाहला की जितके चिमटे तितके हात दोरी.

त्या दिवसापासून चिमटा हेच या दौलतीचे चलन जाहले. वाटीभर साखर दिली, चिमटा आला. तासभर मूल सांभाळले, चिमटा आला. बाळंतपण निघाले की लंगोटांसाठी तीन-तीन चिमटे न मागता दारात येत, आणि पोर चालू लागले की ते चिमटेही ज्याच्या त्याच्या घरी चालत जात. आम्ही सात सेक्रेटरी पाहिले. एकाने जिन्यात सायकल ठेवण्यास बंदी केली आणि एकाने रेडिओ मोठ्याने लावण्यास. परंतु चिमट्यास कोणी हात लावला नाही. बत्तीस वर्षे टांकसाळ नाही, खजिनदार नाही, आणि तक्रारही नाही.

वर्तमान सेक्रेटरी, दौलतीचे आधारस्तंभ, पाणीपंपाच्या किल्लीचे धनी, दुसऱ्या मजल्यावर राज्य करीत. त्यांनी एके शनिवारी सकाळी वर्तमानपत्रात वाचिले की सरकार आपले स्वतःचे डिजिटल चलन काढणार, जे हाताला लागत नाही आणि खिशात वाजत नाही, परंतु कोणी कोठे किती खर्चिले हे सरकारास बसल्या जागी दिसते. हे वाचून हुजूर बहुत प्रसन्न जाहले. चौथ्या मजल्यावरचे मास्तर, ज्यांनी तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविले, ते जिन्यात आडवे आले आणि तेथेच मसलत जुंपली. मास्तरांचे म्हणणे की सरकारास इतके दिसू लागले तर नागरिकाने झाकायचे काय? हुजुरांचे म्हणणे की ज्याने काही केले नाही त्यास झाकायचे कशास? वाद दोन मजले चढला आणि एक मजला उतरला. मग हुजुरांनी आपले जावई, संगणकविद्येचे सरदार, यांस पाचारण केले, आणि दुपारच्या जेवणाआधी फर्मान सुटले, त्याची कलमे येणेप्रमाणे.

लाकडी चिमटे आजपासून चलनातून बाद, ते नुसते लाकूड समजावे. संध्याकाळपर्यंत सर्वांनी ते पंपाच्या खोलीत निळ्या पिंपात जमा करावे. यापुढे चिमटा फोनात राहील. दर शनिवारी दर घरास दोनशे डिजिटल चिमटे मिळतील, एका दिवसाच्या हातभर दोरीस एक खर्ची पडेल, आणि कपडे अडकविण्यास प्लास्टिकचे चिमटे गच्चीवर मोफत. रयतेने चलन दाबून ठेवू नये म्हणून उरलेले डिजिटल चिमटे शुक्रवारी सूर्यास्तास मरतील.

मास्तरांनी तेथल्या तेथे जिन्याच्या भिंतीवर बोटाने हिशेब मांडला. "अहो, दोरी आठवड्याला भरते सहाशे बहात्तर हात. तुम्ही वाटले सोळाशे चिमटे. चलन वाढलं, दोरी वाढली का?"

"मास्तर, तुम्ही रिटायर झालात, अर्थशास्त्र नाही झालं," सेक्रेटरी वदले. "लोकांच्या हातात जास्त आलं की लोक खूश राहतात."

"हातात कुठं आलंय? फोनात आलंय!"

यावर हुजुरांनी सभा बरखास्त केली, जी मुळात भरलीच नव्हती.

त्या सायंकाळी निळ्या पिंपापाशी रांग लागली. कोणी पिशवीत चिमटे आणिले, कोणी पदरात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी एक चिमटा पिंपात टाकण्यापूर्वी दोनदा उघडून मिटून पाहिला. जावयांनी मोजदाद केली तो चौऱ्याऐंशी भरले. बारा कमी. पहिल्या मजल्यावर चौकशी गेली तेव्हा आजींनी कानास हात लावून सांगितले की वय जाहले, काही आठवत नाही. जावई म्हणाले, "आजी, असतील तर ते काळे चिमटे ठरतील बरं का." आजी म्हणाल्या, "मग बरंच झालं की रे, मळखाऊ रंग."

नवा अंमल सुरू जाहला आणि पहिल्याच सोमवारी त्याचा प्रताप दिसला. दोरीवर वस्तू टांगण्यापूर्वी ती फोनात लिहावी लागे, आणि जावयांच्या कसुरीने ती यादी आठही घरांच्या फोनांत एकदम घणघणे. सकाळी सात वाजता तमाम दौलतीस कळले की मास्तरांच्या पाच लांब चड्ड्या, पैकी दोन ठिगळाच्या. मास्तर चार दिवस जिना उतरले नाहीत. वरूनच ओरडले, "झाकायचं कशास म्हणत होतात ना? आता कळलं?"

आता ज्यांच्यासाठी हे सर्व लिहिणे, त्यांची हकीकत. चौथ्या मजल्यावर मास्तरांच्या समोरच्या खोलीत एक परिचारिका राहत, इमारत त्यांस सिस्टर म्हणे. पंधरा वर्षे रुग्णालयात रात्रपाळ्या करून त्यांस वॉर्डाचे प्रमुखपद मिळाले होते, आणि येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता पांढऱ्या गणवेशात जाऊन पदभार घ्यावयाचा होता. गणवेश एकच मिळाला होता, दुसरा पुढच्या महिन्यात. तोही कोठारात पडून पिवळा पडलेला, तेव्हा धुतल्यावाचून गत्यंतर नव्हते. कापड ऐसे जाड की इस्त्रीने चटका बसे, ओल जाईना. खोलीची एकुलती खिडकी शेजारच्या भिंतीकडे तोंड करून, तेथे रुमाल वाळावयास दोन दिवस लागत. सारांश, शुक्रवारचे ऊन आणि हातभर दोरी, एवढेच त्यांस हवे होते.

आणि तेच मिळेना. कारण सिस्टरांनी नुकतीच मास्तरांस सात दिवस सात इंजेक्शने दिली होती, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे इंजेक्शनास दोन चिमटे, म्हणून मास्तरांनी गुरुवारी चौदा चिमटे एकदम त्यांच्या नावे पाठविले. यंत्राने ते पाहिले, आणि एवढी जमा अवाजवी ठरवून सिस्टरांचे कुल चिमटे गोठविले, आणि लाल अक्षरांत लिहिले की चौकशी प्रलंबित, बहात्तर तास थांबावे. म्हणजे दौलतीत जी सर्वांत अधिक राबली, तीच पहिली संशयित जाहली.

शुक्रवारी दुपारी सिस्टर कामावरून आल्या, गणवेश धुतला, पिळला, आणि ओला गणवेश हातावर घेऊन थेट दुसऱ्या मजल्यावर दाखल जाहल्या.

"साहेब, एकच ड्रेस आहे हो. हातभर दोरी द्या, बाकीचे चिमटे ठेवा तुमच्याकडंच."

सेक्रेटरी तसे मनाने वाईट नव्हते. त्यांनी तत्काळ जावयास आज्ञा केली की सिस्टरांचे चिमटे मोकळे करावे. जावई फोन खाली-वर करू लागले, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल जाहल्या.

"गोठवायचं बटण आहे," ते हळूच म्हणाले. "उघडायचं पुढच्या आवृत्तीत येणार आहे."

"म्हणजे मलासुद्धा उघडता येत नाही?" हुजूर थक्क जाहले. "मग सेक्रेटरी कोण, मी की ते?"

या प्रश्नास आजतागायत उत्तर मिळालेले नाही. मास्तरांनी वरून सांगून पाहिले की सिस्टर, माझ्या नावावर वाळत घाला, माझी अब्रू तशीही गेलेलीच आहे. परंतु गच्चीवर जाऊन पाहतात तो काय! दोरी दिसेना.

कारण असे घडले होते. या इमारतीच्या माणसांस बत्तीस वर्षांची सवय की चिमटा जपून वापरावा, शिलकीत ठेवावा. तेव्हा आठवडाभर सर्वांनी नवे चिमटेही तसेच जपले. आणि शुक्रवारी दुपारी फोनांत घंटा वाजली की सूर्यास्तास सर्व मरणार. मग जो कल्लोळ जाहला तो वर्णावयास शब्द थोडे. मरणारे चलन कोणी का सोडावे? धुतलेले पडदे पुन्हा धुतले. हिवाळ्याचे कोट काढून बुडविले. पायपुसणी, पिशव्या, टेबलावरची कापडे, एका घरचे मापाचे न राहिलेले लग्नातले कपडे, सर्व फौज ओली होऊन जिना चढली, आणि पाणी पायऱ्यांवरून खाली उतरले. एकीवर एक, तिहेरी थर, आणि दोऱ्या पोटे काढून जमिनीस टेकावयास आल्या. खांब आत झुकले.

सरतेशेवटी सेक्रेटरींच्या घरून त्यांच्या पत्नी दुहेरी रजई घेऊन निघाल्या. हुजुरांनी आडवे येऊन म्हटले, "अगं, ती मागच्याच आठवड्यात धुतलीस ना?" त्या म्हणाल्या, "एकशे चाळीस चिमटे उरलेत. तुमच्याच फर्मानानं मरायचे, आणि मी बघत बसू?" हुजुरांस आपलेच कलम आडवे आले. मग रजईचे दुसरे टोक त्यांनीच धरिले, आणि दोघांनी मिळून ती मधल्या दोरीवर चढविली.

मग डावा खांब कडकड वाजून आडवा जाहला, आणि पाचही दोऱ्या एका दमात सुटल्या, आणि आठ संस्थानांचे धुणे गच्चीवर कोसळले, आणि प्लास्टिकचे चिमटे लाह्यांसारखे उडाले. धुरळा नव्हे, फेस बसल्यावर पाहतात तो हुजूर नाहीत. रजईखालून आवाज आला, "मी इथं आहे! कुणीतरी उचला हो!"

ओला गणवेश खांद्यावर टाकून प्रथम धावल्या त्या सिस्टरच. रजई ओढली, हुजुरांस बसते केले, नाडी पाहिली, डोळे पाहिले, बोटे किती ते विचारले. हुजूर म्हणाले, तीन. बोटे तीनच होती. तेव्हा प्राणास धोका नाही असा निर्वाळा जाहला. आणि मग सिस्टरांनी आभाळाकडे पाहिले. ऊन पाण्याच्या टाकीच्या बाजूस सरकले होते, फार तर दोन तासांचे. आणि दोरी तर आता कोणालाच नव्हती. त्यांनी गणवेश तेवढा पुन्हा एकदा पिळला.

त्या समयी जिन्यातून धापा टाकीत आजी वर आल्या. हाती बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डबा उघडला, आणि आत बारा लाकडी चिमटे, ठिपक्याचे, सुतारकाकांच्या हातचे, एकही ढिला न पडलेला.

जावई उद्गारले, "आजी! म्हणजे होते तुमच्याकडं!"

"आत्ता आठवलं," आजी म्हणाल्या. "वय झालं ना."

तुटलेल्या दोरीचा धड तुकडा काढून मास्तरांनी, जे आठवड्यात प्रथमच चारचौघांत आले होते, एक टोक टाकीच्या नळास बांधिले. उजवा खांब सावलीत गेला होता, आणि उन्हात दुसरे टोक बांधावयास काही उरले नव्हते. सर्वांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि मग सेक्रेटरींकडे पाहिले. ते ओले, उंच आणि उन्हातच उभे होते. त्यांनी मुकाट्याने दोरीचे टोक मनगटास गुंडाळिले, हात वर केला आणि उभे राहिले. आधारस्तंभ हा किताब त्यांस पूर्वीपासून होता, तो त्या दिवशी अंमलात आला. चार चिमटे लावून गणवेश टांगिला. पाऊण तासाने हुजुरांनी हात बदलला. पत्नीने चहाचा कप तोंडास लावला. मास्तर समोर पायपुसण्यांच्या ढिगावर बसून सरकारने किती धरावे आणि केव्हा सोडावे यावर बोलत राहिले, आणि दोरी हाती असल्याने हुजुरांस निघून जाता येईना, म्हणून मास्तरांच्या तीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच कोणी व्याख्यान अखेरपर्यंत ऐकिले.

सूर्यास्तास आठ घरांच्या फोनांतील उरलेले चिमटे बिनबोभाट मेले. त्याच वेळी सिस्टरांनी गणवेशाची बाही गालास लावून पाहिली, आणि म्हणाल्या, "वाळला."

तह तेथेच जाहला. निळे पिंप उघडून लाकडी चिमटे ज्याचे त्यास परत. नवा खांब सर्वांच्या वर्गणीतून. जावयांचे यंत्र अगदीच वाया जाऊ नये म्हणून ते चालू ठेवावे, परंतु त्याने आज ऊन आहे की ढग एवढेच सांगावे. ते हल्ली तेवढे सांगते, आणि आम्ही तरीही एकदा खिडकीतून पाहून घेतो.

शनिवारी सकाळी साडेसातास सिस्टर जिना उतरल्या. आठही दारे उघडी होती. इतका पांढरा रंग या जिन्याने बहुत वर्षांत पाहिला नव्हता. त्या वळणावरून दिसेनाशा जाहल्या तेव्हा वहिनी ओरडल्या की अहो, कॉलरला मागे चिमटा राहिलाय! परंतु सिस्टर बसमध्ये चढल्याही होत्या.

तो चिमटा परत आला नाही. सिस्टर सांगतात की पहिल्याच दिवशी खाटेच्या दांडीस रोग्याचे कागद अडकवावयास काही मिळेना, तेव्हा तो तेथे लावला, आणि आता तेथील बायका तो एकमेकींस उसना मागतात. आजींच्या डब्यात अकरा उरले. आजींची तक्रार नाही. सबब येथे नोंद करण्यात येते की सदर मोहीम फत्ते जाहली, गणवेश वेळेत वाळला, आणि या दौलतीचे शहाण्णवपैकी पंच्याण्णव चिमटे इमारतीत सुरक्षित असून एक चिमटा परमुलखी चालू चलन आहे. खाली ठिपका उठविला आहे. तो सळईचा नसून चहाचा आहे, तरी खराच मानावा.