दह्याचा डबा आणि ड्रेनचा पाइप

तज्ज्ञाला विचारल्याने मतभेद होतात. न विचारल्यास एकमत होते. न्यू जर्सीतील आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा कारभार याच तत्त्वावर उत्तम चालला आहे. (सदस्य २१४, पैकी इंजिनीअर १९०, पैकी पाइपला हात लावलेले शून्य. त्यामुळे कुणाचाही पूर्वग्रह नाही.)

वाळवंटातल्या चँडलरच्या उन्हातून इकडे आलेल्या गुरुनाथने वाफेच्या हीटिंगचं जुनं घर घेतलं. नागपूरहून सासूबाई येणार, त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्याने तळमजल्यावर नवं बाथरूम काढायचं ठरवलं. सांडपाण्याचा प्लॅस्टिकचा पाइप खाली बेसमेंटमध्ये, वाफेच्या पाइपला अगदी खेटून न्यायचा बेत होता. त्याची बायको नीलांबरी हिला आईची पहिली अंघोळ सुखाची व्हावी, एवढंच हवं होतं.

"अरे, वाफेच्या पाइपशेजारच्या फळीवर मी इडलीचं पीठ ठेवलं होतं," ती म्हणाली, "दह्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यात. तो डबा पार वाकडा झाला! तुझा पाइपही प्लॅस्टिकचाच ना? प्लंबरला कॉल कर यार."

गुरुनाथने प्रकरण रीतसर ग्रुपकडे वर्ग केले. डेटा सेंटर सांभाळणाऱ्या अतुलने "कूलिंग माझं डोमेन आहे, टेन्शन नको" असे कळवले. जगन्नाथकाकांच्या साताऱ्याच्या बंगल्यात वर्षानुवर्षे प्लॅस्टिकचेच पाइप आहेत. (तिथे हीटिंग नाही, हा मुद्दा गौण ठरला.) डब्याबाबत स्वतंत्र निष्कर्ष निघाला: दही लो-फॅट असावे. नगरपालिकेचा परवाना लागतो का, असे कुणीही विचारले नाही. ग्रुपची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. भराभर अंगठे वर आले आणि गुरुनाथने व्हिडिओ बघून पाइप स्वहस्ते बसवला.

जानेवारीत सासूबाई आल्या. त्यांना थंडी वाजू नये म्हणून जावयाने प्रेमाने हीटिंग चढवलं. खाली पाइप मऊ पडला, मधोमध त्याला पोट सुटलं आणि पाणी पुढे जाईना.

"गुरुनाथराव," बाथरूममधून सासूबाईंचा आवाज आला, "पाणी घोट्यापर्यंत आलंय हो! इकडे अशीच पद्धत आहे का?"

नीलांबरीला रडूच आलं. मग आतून आईच खदखदून हसायला लागली, तेव्हा कुठे घराचा जीव भांड्यात पडला.

शेवटी प्लंबर आला. पाइप वाफेपासून लांब न्या, असे डब्याने फुकट सांगितलेलेच त्याने सांगितले. ग्रुपने वाकड्या पाइपच्या फोटोलाही एकमताने अंगठे दिले.

आता ग्रुपमधल्या रीमाचा नवा प्रश्न आला आहे. तिच्या बेडरूममधला हीटिंगचा रेडिएटर सारखा शिट्ट्या मारतो, काय करावे?

वाचकहो, "तीन झाल्या की बंद करा," असं तुमच्याही मनात आलंच ना? अभिनंदन. तुम्हाला ग्रुपमध्ये अ‍ॅड केलं आहे.