शून्याचं रक्त

यंत्र बिघडलंय असं कुणी म्हटलं असतं तर प्रयोगशाळेच्या बाईंनी त्याचे दात घशात घातले असते. पण पोटच्या मुलालाही न ओळखणारे सहा पेशंट यंत्राने सकाळी ठणठणीत ठरवले होते. शुक्रवारी यंत्र तपासायला समिती येणार होती. तिच्यापुढे हेच झालं तर चार वर्षांची मेहनत पाण्यात आणि यंत्राला कुलूप.

यंत्राचं काम तसं सरळ होतं. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा आणि प्रकाश सोडायचा. विस्मरणाच्या आजाराचं प्रथिन रक्तात असेल तर ते पट्टीला चिकटतं आणि पडद्यावरची रेघ सरकते. किती सरकली ते कळायला शेजारी एका धडधाकट माणसाचं रक्त ठेवायचं. ते शून्य. हा मान रजा आणि सामान सांभाळणाऱ्या हेडक्लार्कना होता, कारण कुणी कधी खोटं आजारपण सांगितलं हे त्यांना तारखेसकट पाठ असे. दर महिन्याला ते खाली नर्सकडे रक्त देत आणि त्या दिवशी अर्धी रजा घेत.

बाई आधी पट्ट्यांवर घसरल्या, मग पट्ट्या धुणाऱ्यांवर. शेवटी दिव्यावर आळ घेऊन नव्या दिव्याचा अर्ज त्यांनी खाली पाठवला. तो तसाच परत आला. हेडक्लार्कनी लिहिलं होतं, नवा दिवा अकरा मार्चला दुपारी दिला आहे, सही आपलीच आहे. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण ते खरं होतं.

आता शून्यच तेवढं तपासायचं राहिलं होतं. बाईंनी फ्रीझरमधून गेल्या वर्षीचं शून्य काढलं आणि या महिन्याच्या शून्याशेजारी ठेवलं. रेघ सरकली, चांगली दणदणीत. शून्यच आजारी होतं, म्हणून त्याच्याशेजारी सगळे आजारी बरे दिसत होते. पण अकरा मार्चची दुपार लक्षात ठेवणारा माणूस आजारी कसा? बाई तरातरा जिना उतरल्या.

"हे रक्त तुमचं आहे?"

हेडक्लार्कनी पेनाचं टोपण लावलं. "नाही. मला सुई बघूनच चक्कर येते. पूर्वी कसंबसं दिलं. या महिन्यात मला न ओळखणारी नवी नर्स आली, म्हणून दादा गेला माझ्या नावाने. म्हणाला, एकाच आईची लेकरं आपण, फरक काय पडतोय?"

मग बाईंचं तोंड जे सुटलं! रजेची सगळी रांग ऐकत उभी राहिली. चार वर्षं, शुक्रवार, अर्धी रजा, काहीच त्यांनी सोडलं नाही. हेडक्लार्क खाली मान घालून ऐकत होते. बाई श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला कळलं कसं?"

बाईंनी उलट विचारलं, "दादा कसे आहेत तुमचे?"

"मजेत. हल्ली घराच्या पुढे निघून जातो कधीकधी. आम्ही चिडवतो त्याला."

हे बोलताना त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना समजलं. आजच डॉक्टरांकडे न्या, लवकर कळलंय, असं बाई हळू आवाजात म्हणाल्या. हेडक्लार्कनी मान हलवली, टेबलाला कुलूप लावलं आणि शर्टाची बाही वर केली.

"आधी माझं घ्या. तुमचा शुक्रवार आहे."

नर्सने सुई काढली तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि बाईंचा हात धरला. यंत्रात काडीचाही बिघाड नव्हता, आणि सकाळपासूनच्या सगळ्या रागांत बाईंना याचाच राग जास्त आला.