प्रतिसादक नाना

आमच्या महाळुंग्यात फाट्यावरून अनोळखी गाडी आत वळली आणि तिच्यातून गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं-पोरी उतरली, की आमचे बबननाना टोमॅटोच्या बांधावरून तडक घरी येतात. हातपाय धुतात, खुंटीवरचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात, डोळ्यांवर चष्मा चढवतात आणि ओट्यावर मांडी ठोकून बसतात. चष्मा त्यांच्या नंबरचा नाही. तो घातला की त्यांना समोरचं नीट दिसत नाही, पण समोरच्याला आपण अभ्यासू दिसतो, असं त्यांचं म्हणणं. पोरं जवळ येऊन "नमस्कार काका, आम्ही विद्यापीठातून..." एवढं म्हणतात न म्हणतात तोच नाना हात जोडतात.

"मी बबन. प्रतिसादक."

सातबाऱ्यावर ते शेतकरी आहेत, मतदार यादीत मतदार आहेत आणि नात्यानं माझे सख्खे चुलते आहेत. पण या तिन्हींचा त्यांना फारसा अभिमान नाही. कुठल्याशा प्रश्नावलीच्या पहिल्या ओळीत 'प्रतिसादकाचे नाव' असं छापलेलं त्यांनी वाचलं आणि तेव्हापासून ती पदवी त्यांनी जी लावली ती लावलीच.

विद्यापीठाची माणसं आमच्याकडे वरचेवर येतात. इथं टोमॅटो आहे, ऊस आहे, उसात बिबट्या आहे आणि पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत जाता येतं. संशोधनाला आणखी काय लागतं? आणि या सगळ्यांना उत्तरं देऊन देऊन नानांची जीभ वेगळीच वळली आहे. प्रश्नावलीत प्रत्येक प्रश्नापुढं पाच चौकटी असतात ना, पूर्ण सहमत, अंशतः सहमत, तटस्थ वगैरे, त्या चौकटी नानांनी संसारात आणल्या. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस म्हणून मी त्यांना विचारलं, "नाना, कसं वाटतंय स्थळ?"

"पोरगा पूर्ण सहमत," नाना म्हणाले. "पोराचा मामा अंशतः."

मामा पुढं लग्नात जेवणावरून रुसला, तेव्हा नानांनी माझ्याकडं बघून फक्त एक बोट वर केलं. माझ्या बायकोच्या आमटीबद्दल मात्र ते गेली कित्येक वर्षं तटस्थ आहेत. आमची घरं एकाच अंगणाला लागून, काकी गेल्यापासून दोन्ही वेळचं ताट आमच्याकडूनच जातं, त्यामुळं तेवढा शहाणपणा त्यांना आहे.

व्यवस्थापन शिकणारी पोरं आली होती. त्यांनी विचारलं, "काका, टोमॅटो विकताना तुम्ही ग्राहकाच्या अपेक्षांचा विचार करता का?" नाना म्हणाले, "करतो की. पर टोमॅटो करत न्हाईत. ते एकदम पिकत्यात." मग त्या पोरांना पहाटे नारायणगावच्या बाजारात नेऊन त्यांनी क्रेटच्या रांगा दाखवल्या आणि दुपारपर्यंत इतकं बोलले, की परतीच्या वाटेवर ती पोरं लागूनचीच वारूळवाडी यायच्या आत गाडीत झोपली होती.

इंजिनिअरिंगच्या पोरांनी नानांच्या वावरात एक खांब रोवला. त्यावर डबी, डबीला तार, तार मातीत. मातीतली ओल मोजून तो खांब नानांच्या फोनवर निरोप धाडायचा, 'पाणी द्या'. नाना भर पावसात छत्री धरून खांबापाशी जायचे आणि म्हणायचे, "आरं, बघ की वर!" प्रकल्प संपला, पोरं पास झाली, खांब राहिला. आता त्यावर कोतवाल पक्षी बसतो. नाना दर खंडेनवमीला कोयत्या-खुरप्याबरोबर त्या खांबालाही हळद-कुंकू लावतात. "विद्यापीठाचं हाये," म्हणतात, "आज ना उद्या न्यायला येतील."

आणि बिबट्याचे संशोधक! त्यांनी उसाच्या कडेला झाडाला कॅमेरे बांधले. समोरून काही हललं की आपोआप फोटो निघायचा. नानांना काळजी, की कॅमेरा चालू आहे की नाही. म्हणून ते रोज दिवस मावळायच्या आत जाऊन समोरून एकदा चालून यायचे. महिन्याभरानं पोरांनी फोटो काढून बघितले. बिबट्या चार ठिकाणी होता. बाकी सगळीकडं नाना. डावीकडून येणारे नाना, उजवीकडं जाणारे नाना, भिंगात डोळा घालून बघणारे नाना. एका फोटोत तर बिबट्याची नुसती शेपटी आहे, कारण तेवढ्यात नाना आले असावेत.

या सगळ्यात माझी जागा कुठं, तेही सांगून टाकतो. मी तालुक्याच्या कॉलेजात वाणिज्य शिकवतो. तरुणपणी मीही पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. विषय, टोमॅटो उत्पादकांचे विपणन वर्तन. माझी पहिली प्रश्नावली भरली ती अर्थातच नानांनी. त्यानंतर माझं लग्न झालं, बदली झाली, मुलगी झाली, पोट सुटलं, आणि प्रबंध दुसऱ्या प्रकरणाच्या पुढं काही गेला नाही. नाना तेव्हापासून मला 'व्हनार डॉक्टर' म्हणतात. चारचौघांत.

"काय व्हनार डॉक्टर, निष्कर्ष काय निघाला?"

हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. येणाऱ्या प्रत्येकाला ते तो विचारतात. पोरं हसून सांगतात, "काका, आत्ता तर माहिती गोळा करतोय. निष्कर्ष निघाला की कळवतो." अजून कुणी कळवलेला नाही. आम्ही घरात या प्रश्नावर पुष्कळ हसायचो. पोरं निघताना नाना त्यांच्या हातात पिशवीभर टोमॅटो देतात आणि टोमॅटोच्या वर घडी केलेली एक चिठ्ठी ठेवतात, तेही आम्हाला माहीत होतं. चिठ्ठीत काय असतं, ते मात्र मी एकदाच वाचलं. एक पोरगी पिशवी ओट्यावर विसरून गेली तेव्हा.

'भाषेचा विभाग. मुलगी उंच, केस आखूड, हसरी. आवाज हौसाबाईंचा. विषय मासवडी. कृपया शोधणे.'

हौसाबाई म्हणजे आमची काकी. तिला जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या तीन-चार वर्षं आधी भाषेच्या विभागातून एक मुलगी आली होती. इकडची माणसं कशी बोलतात ते ध्वनिमुद्रित करत हिंडत होती. तिनं काकीला म्हटलं, मासवडी कशी करतात ते सांगा, आपल्या बोलीत. मासवडी म्हणजे आमच्याकडची तीळ-खोबरं भरलेली बेसनाची वडी. त्या दिवशी मी घरी नव्हतो. पण काकीचा आवाज कुठं साठवला गेला असेल तर तेवढाच. फोटो आहेत, फोटो बोलत नाहीत. घरातल्या एका लग्नाच्या व्हिडिओत काकी दिसते, ओठ हलतात, पण ऐकू येतो तो बँड.

"चेहरा ध्यानात हाये," नाना मला त्या दिवशी म्हणाले. चिठ्ठी माझ्या हातात बघून ते रागावले नाहीत. "आवाज सुटत चाललाय. आदी हाका मारलेल्या आठवायच्या. आता हाक आठवती, आवाज आठवत न्हाई. तू जातोस की विद्यापीठात. इच्यार एकदा."

मी "विचारतो" म्हटलं आणि दोन वर्षं विचारलं नाही. कारण सांगायला लाज वाटते. त्या विद्यापीठात माझे मार्गदर्शक होते. पेपर तपासायला गेलो की मी त्यांना टाळायला मागच्या फाटकानं आत शिरायचो. एकदा ते समोरून आले तर मी सूचनाफलकाकडं तोंड करून उभा राहिलो आणि वसतिगृहातल्या मुलींच्या प्रवेशाची अख्खी यादी वाचली. असा मी. मी मनातल्या मनात म्हणायचो, एवढी पोरं येतात, कुणीतरी शोधेलच. बिबट्यावाल्या पोरानं खरोखर शोधलंही. त्यानं फोन करून सांगितलं, "काका, हौसाबाई नावानं तिथं काहीच नाही." नानांनी त्याचे आभार मानले आणि पुढच्या गाडीच्या पोरांना नवी चिठ्ठी दिली.

मग यंदा माझे मार्गदर्शक निवृत्त झाल्याची बातमी आली आणि माझी हिंमत एकदम वाढली. मी पुढच्या फाटकानं विद्यापीठात शिरलो.

भाषेच्या विभागात एक मॅडम होत्या. जुन्या ध्वनिफिती त्यांनी संगणकावर चढवून ठेवल्या होत्या. हौसाबाई शोधलं, नाही. मासवडी शोधलं, नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "गाव सांगा." गाव टाकलं आणि एक ओळ उमटली.

"महाळुंगे पडवळ," मॅडम वाचायला लागल्या. "प्रतिसादक: बबन. पुरुष. शेतकरी. विषय: पाककृती." त्यांनी मान वर केली. "तुमचे काका स्वयंपाक करतात का हो?"

मी कपाळाला हात लावला. ती मुलगी बोलायला आली होती काकीशी. पण अर्जावर 'प्रतिसादकाचे नाव' दिसल्यावर नाना थोडेच गप्प बसणार! त्यांनी आपलं नाव घातलं होतं, सही ठोकली होती, आणि इतकी वर्षं काकीचा आवाज त्यांच्याच नावाखाली पडून होता.

मॅडमनी अर्ज लिहून घेतला आणि ध्वनिमुद्रण माझ्या फोनवर दिलं. येताना एस.टी.त मी कानाला लावलं. पेठ गाव येईपर्यंत ऐकलं आणि बंद केलं. नाना बोलत होते. नुसते नाना. डाळीची जात, जात्याची आणि गिरणीची तुलना, खोबऱ्याचे भाव, आपल्या आईच्या हातची मासवडी. मधून कुठंतरी लांबून एक "हं". बस. मला बिबट्याचे फोटो आठवले. पुढं ऐकायचं धैर्य झालं नाही. दोन दिवस फोन खिशात घेऊन मी नानांना चुकवत हिंडलो. आता घरातही मागचं फाटक!

तिसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि सरळ जाऊन नानांना सांगितलं. नाना उठले. आत गेले. पांढरा शर्ट घालून बाहेर आले. चष्मा मात्र घातला नव्हता.

मी फोन ओट्यावर ठेवला आणि लावला. नाना ऐकू लागले. डाळ झाली, जातं झालं. "हं" आलं तसे ते पुढं झुकले. मग पुन्हा स्वतःचाच आवाज. खोबऱ्याचे भाव सुरू झाले तेव्हा ते पुटपुटले, "किती बोलतोय ह्यो मानूस!"

फोनमध्ये ती मुलगी म्हणाली, "काका, काकूंना सांगू द्या ना."

"सांग की! कोन नगं म्हनतंय?" फोनमधल्या नानांचं उत्तर.

"आवो, तीळ आदी भाजायचं," काकी म्हणाली.

नानांचा हात मांडीवरून उचलला गेला तो तसाच राहिला. काकीचा आवाज. जरा घोगरा, वाक्याच्या शेवटी वर जाणारा. मीही विसरलो होतो की तो वर जायचा.

"त्येच तर सांगतोय मी," फोनमधले नाना म्हणाले आणि तिळाबद्दल बोलू लागले. आमच्यासमोरचे नाना फोनला म्हणाले, "गप. गप की रं!" फोन कसला गप बसतोय. पुढं बराच वेळ तेच. मग त्या मुलीनं पाणी मागितलं आणि नाना म्हणाले, "थांबा, मी आनतो. रांजनातलं देतो, गार." पावलं आत गेली.

थोडा वेळ नुसत्या बांगड्या वाजल्या.

"काकू, आता सांगा पटकन," मुलगी हळूच म्हणाली.

काकी हसली. "ऱ्हाऊ दे बाय. ते सांगत्यात त्येच बराबर हाय. दिसभर वावरात एकलं असत्यात. कोन हाय बोलाया? तुमी आला म्हनून तोंड उघडलंय. मला लई बरं वाटतं आयकाया. मासवडी काय, तुमी जेवूनच जावा, करून घालती."

पावलं परत आली. तांब्या टेकवल्याचा आवाज आला.

"काय सांगितलं गं, मी नसताना?"

"काय न्हाय. तुमचीच वाट बगत व्हतो."

तिथं ध्वनिमुद्रण संपलं.

अंगणात बायकोनं वाळत घातलेल्या कुरडयांवर चिमणी आली, तिला कुणी हाकललं नाही. मग नाना म्हणाले, "त्या पोरीला जेवू घातलं व्हतं. मासवडी मोडली व्हती एक, ती मला वाढली." आणि फोन माझ्याकडं सरकवून, "मी पान्याला गेलो तिथनं लाव."

मी लावलं. त्या दुपारी पाच वेळा लावलं.

मागच्या आठवड्यात पुन्हा एक गाडी आली. घरातल्या कामांवर काहीतरी अभ्यास होता. पांढरा शर्ट आला, ओटा आला. त्या पोरीनं कागद काढला, "प्रतिसादकाचं नाव?" मी सवयीनं नानांकडं बघितलं.

नानांनी माझ्या बायकोला हाक मारली. "सूनबाई, बस हितं. हिचं नाव लिवा. हिला समदं ठावं हाये." मग त्या मुलीला म्हणाले, "तुमी बोला निवांत. मी पानी आनतो."

बायको आधी बुजली, मग बोलू लागली, आणि बोलतच राहिली. एवढं तिच्याकडं सांगण्यासारखं होतं, हे मला, तिच्या नवऱ्याला, माहीत नव्हतं. बराच वेळ झाला, पाणी आलं नाही. म्हणून मी उठून आत डोकावलो.

नाना दाराच्या आड उभे होते. हातात भरलेला तांब्या, मान थोडी कलती. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.