दोन दिवसांचे वायरिंग

घराचे वायरिंग बदलायला किती दिवस लागतील, हे घरात माणसे किती आहेत यावर ठरते; तारेच्या लांबीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. औशाचे धान्याचे अडते माणिकप्पा यांना एरवी हे कळले असते. पण लातूर नुकतेच जिल्हा झाले होते आणि त्या आनंदात त्यांना सगळेच झटपट होईलसे वाटू लागले होते. जिल्हा एका घोषणेत होतो (बोर्ड आधी लागतो, कचेरी सावकाश येते, तो भाग वेगळा), मग चार खोल्यांच्या तारांना असा कितीसा वेळ?

निकडही तशीच होती. लेक शिवगंगा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, तीही ऐन उन्हाळ्यात. त्यात दुष्काळाचे वर्ष. घरातला एकुलता एक पंखा स्वतः फिरण्याआधी बटण दाबणाऱ्याला झटका देत असे. बाळंतिणीच्या डोक्यावर नवा पंखा फिरलाच पाहिजे, असा ठराव माणिकप्पांनी चुलीपुढे मांडला आणि पत्नी महादेवी यांनी तो भाकरी थापता थापता मंजूर केला.

वायरमन रामकिशनने छताकडे पाहिले, एक डोळा मिटला आणि अंदाज दिला.

“दोन दिवसाचं काम हाय, अप्पा.”

माणिकप्पा नियोजनात कच्चे नव्हते. त्या दोनात त्यांनी एक दिवस वीज जाण्यासाठी, एक टँकरच्या रांगेसाठी आणि एक रामकिशनच्या सासुरवाडीसाठी मिळवला. (कोणत्याही वायरमनच्या सासुरवाडीला त्याचे काम अर्धे झाले की काही तरी होतेच.) काम सुरू होण्यासाठी मात्र त्यांनी एकही दिवस धरला नाही. ही चूक याहून मोठ्या योजनांतही आढळते.

औशातले यच्चयावत वायरमन तेव्हा लातूरला होते. नव्या जिल्ह्याला साहेब आले होते, आणि साहेब आला की पंखा आलाच.

“साहेबाच्या खोलीत पंखा लावायलोय, अप्पा,” रामकिशन बसस्टँडवर भेटला की सांगे. “तेवढा झाला की तुमचंच.”

साहेब मात्र येतच राहिले.

अखेर रामकिशन उगवला तो नेमका शिवगंगा एस.टी.तून उतरली त्या दिवशी. त्याने हातोडी उचलली आणि महादेवी आडव्या आल्या.

“भितीत खिळा ठोकायचा न्हाई. पोर दोन जिवाची हाय.”

“अगं, तिच्यासाठीच तर पंखा लावायचाय!”

“हाव. आन् तिच्यासाठीच ठोकायचं न्हाई.”

या युक्तिवादात कुठे फट सापडेना. रामकिशन हातोडी पिशवीत घालून लातूरच्या गाडीत बसला.

यथाकाल नात झाली. आता खिळे ठोकायला शास्त्राची हरकत नव्हती. हरकत नातीची होती. ती झोपली की आवाज चालत नसे, आणि जागी असली की घरात कुणालाच सवड नसे. बिनआवाजाचे काम एकच होते, अर्थिंगचे. रामकिशनने अंगणात खड्डा खणला, कोळसा-मीठ भरले आणि ‘रोज पाणी ओतत जा’ असे सांगून गेला. प्यायला पाणी नाही आणि जमिनीला पाजायचे! पण महादेवी डगमगल्या नाहीत. नातीच्या अंघोळीचे पाणी त्या खड्ड्यात जाऊ लागले. तालुक्यात तसे अर्थिंग दुसरे नसेल. त्याला घरातली एकही तार जोडलेली नव्हती, एवढेच.

माणिकप्पा दुपारभर पाळण्याशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत. अडत बंद, मनगट बधिर, शिवाय रामकिशनच्या नावाने अखंड शिव्या. खरे सांगायचे तर आयुष्यात इतके सुखी ते कधीच नव्हते.

मग शिवगंगा सासरी गेली. नात गेली, पाळणा उतरला, घर चिडीचूप झाले. त्याच आठवड्यात रामकिशन आला आणि दोन दिवसांत त्याने काम पुरे केले. तिसरा लागला नाही. अंदाज पहिल्यापासून बिनचूक होता.

माणिकप्पांनी बटण दाबले. झटका बसला नाही. पंखा भरारा फिरला. त्यांनी पाळण्याच्या रिकाम्या कडीकडे पाहिले आणि पंखा बंद केला. “झकास हाय,” ते म्हणाले आणि पुठ्ठा शोधू लागले.

वाचकहो, हसा खुशाल. तुमच्याही घरी एक तार कधीची चिकटपट्टीवर लोंबते आहे, आणि ज्याच्यासाठी ती बदलायचे ठरले होते ते माणूस सुदैवाने अजून घरातच आहे. घाई नको. ते गेले की काम दोन दिवसांत होते.