बी-बाराची बाजू

घर निवडायची ताउनोची पद्धत अगदी बिनचूक होती. अंगणात दहा मिनिटं उभं राहायचं. तेवढ्यात एकाने जरी नमस्कार केला, की ते घर बाद! निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि हेलसिंकीच्या आसपासची अकरा घरं त्याने अशीच निकालात काढली होती.

त्याच्या बायकोचं, इर्मेलीचं, म्हणणं नेमकं उलटं. कान्नेलमाकीच्या घरात दोघांनी एकतीस वर्षं काढली. गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात पाय मोडून पडली, तेव्हा ताउनो कामावरून येईपर्यंत पाच तास भिंत बडवत होती. दुसऱ्या दिवशी जिन्यात चिठ्ठी लागली: दुपारी ठोकाठोक करू नये.

"मला हाकेला ओ देणारा शेजार हवाय," ती एवढंच म्हणायची, हळू आवाजात. त्या हळू आवाजाने ताउनोचं डोकं आणखीच तापायचं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दोघं केरवा या गावी बारावं घर बघायला गेले. इर्मेली दलालाबरोबर वर गेली. ताउनो ठरल्याप्रमाणे अंगणात उभा राहिला. नेमकं त्या दिवशी सोसायटीचं वसंतातलं श्रमदान! वीसेक माणसं गेल्या वर्षीचा पाचोळा ओढत होती.

पिवळं जाकीट घातलेली एक धिप्पाड बाई तरातरा आली. ती चेअरमनबाई, हेल्वी. "इथल्या सगळ्यांना मी ओळखते, फक्त एक सोडून. म्हणजे तुम्ही बी-बारा नंबरच्या घरातले. सहा वर्षांत पहिल्यांदा श्रमदानाला उगवलात," असं म्हणून तिने त्याच्या हातात दाताळं कोंबलं.

नाही म्हणायचं तर अनोळखी बाईशी आख्खं वाक्य बोलावं लागणार. त्यापेक्षा पाचोळा परवडला. ताउनो मान खाली घालून ओढू लागला.

टोपीवाले एक आजोबा शेजारी येऊन उभे राहिले. "काय हो बी-बारा, गुरुवारी वाफेच्या सौनात तुमची पाळी सात ते आठ. बाहेर पडता सव्वाआठला, तेही मागच्या दाराने. मी टॉवेल गुंडाळून दाराबाहेर गारठतो, त्याचं काय?"

ताउनोने पाचोळा आणखी जोरात ओढला.

"आणि जिन्यात पावलं वाजली की हे दार उघडायचं थांबतात," एक बाई म्हणाल्या. "दाराच्या भोकातून बघतात आणि मी गेले की बाहेर येतात. मी काय तुम्हाला खाणार आहे?"

हे मात्र ताउनोच्या वर्मी लागलं. गेली एकतीस वर्षं तो स्वतः रोज सकाळी हेच करत आला होता. त्याने दाताळं जमिनीवर आपटलं.

"मग? जिना मोकळा व्हायची वाट बघणं गुन्हा आहे? तो माणूस तुमचं काय खातो? गुपचूप येतो, गुपचूप जातो. आणि सौनात पंधरा मिनिटं जास्त बसतो, कारण अख्ख्या आठवड्यात तेवढाच वेळ त्याला तुमची तोंडं बघावी लागत नाहीत!"

"तो म्हणजे कोण?" हेल्वीने विचारलं. "तुम्हीच ना?"

"मी कशाला असेन? मी घर बघायला आलोय!"

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही बोलू दिलंत?"

"तासभर माझं दाताळं घेऊन फिरताय, आणि मी बोलू दिलं नाही?"

आजोबा मध्ये पडले, बाई मध्ये पडल्या. सौना, सायकली, कचऱ्याचे डबे, सगळ्यांवर ताउनो एकेकाशी भांडला. भांडता भांडता त्याने अर्धं अंगणही ओढून काढलं, कारण रागात हात थांबत नव्हते. शेवटी आजोबांनी भाजलेलं सॉसेज त्याच्या हातात दिलं, आणि मोहरी लावायची की नाही यावरूनही दोघांची जुंपली.

तेवढ्यात इर्मेली खाली आली. डोळे पुसत होती. हसून की रडून, ते कळेना.

"मी होकार दिला," ती म्हणाली.

"मला न विचारता? वीस माणसं माझ्या अंगावर आली इथे!"

"गच्चीतून सगळं पाहिलं. ताउनो, कान्नेलमाकीत एकतीस वर्षांत तू शेजाऱ्यांशी इतकं बोलला नाहीस. इथे मी पडले तर वीस माणसं भांडायला तरी येतील."

ताउनोने तोंड उघडलं. मग पाच तास बडवलेली ती भिंत आठवली, आणि त्याने सॉसेजचा घास घेतला.

"कितव्या नंबरचं घर?" त्याने विचारलं.

"बी-बारा."

बँकेत कागदांवर सह्या करताना समोर एक किडकिडीत माणूस बसला होता. कर्विनेन, म्हणजे खरा बी-बारा. ताउनोला त्याच्याबद्दल सख्ख्या भावासारखं वाटलं.

"तुमची बाजू घेऊन मी भांडलो," ताउनो म्हणाला.

"पडद्याआडून ऐकलं," कर्विनेन म्हणाला.

"आता कुठे राहणार?"

"तुमच्या घरात. तुमच्या बायकोने दलालापाशी त्या घराची तक्रार केली होती. कोणी बोलत नाही, भिंत बडवली तरी कोणी येत नाही. मी आतल्या खोलीत होतो. लगेच त्याच्याकरवी ते घर विकत मागितलं."

ताउनोने इर्मेलीकडे पाहिलं. ती मन लावून आपली सही वाळवत होती.

तेवढ्यात ताउनोचा फोन वाजला. हेल्वी होती. शरद ऋतूतल्या श्रमदानाची तारीख ठरली होती, वेळ सकाळी नऊची, आणि पाचोळ्याचा मुख्य म्हणून सगळ्यांनी एकमताने त्याचं नाव दिलं होतं.

कर्विनेनने कान्नेलमाकीच्या किल्ल्या उचलल्या आणि कोणाचाही निरोप न घेता तो निघून गेला. दार बंद होईपर्यंत ताउनो त्याच्या पाठीकडे बघत राहिला. मग फोनमध्ये ओरडला, "नऊला नाही, आठला सुरू करा!"